घर खोली-खोलीने भाड्याने देताना : महाराष्ट्रातील नियम आणि व्यवहार

पुण्यासारख्या शहरात तीन खोल्यांचा फ्लॅट एका कुटुंबाला न देता, प्रत्येक खोली वेगळ्या विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला देणारे घरमालक बरेच आहेत. अशाने भाड्याची बेरीज सहसा जास्त होते आणि एक खोली रिकामी झाली तरी बाकीचे भाडे चालू राहते. मात्र घर एक असले तरी व्यवहार तीन असतात.

करार किती करावेत?

सर्वांचा मिळून एकच करार केला, तर एक जण मध्येच सोडून गेल्यावर त्याचा वाटा कोणी भरायचा यावरून वाद होतो. म्हणून प्रत्येकाशी स्वतंत्र लिव्ह अँड लायसन्स करार करावा. त्याची खोली कोणती आणि स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी, पार्किंग यांपैकी सामायिक काय, हे त्यात स्पष्ट लिहावे. वीजबिलाची वाटणी कशी होणार आणि अनामत रकमेतून काय कापले जाईल, हेही नमूद करावे.

नोंदणी लागते का?

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ही जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करारांची नोंदणी ऑनलाइनही करता येते.

मुदत संपूनही खोली सोडली नाही तर?

कुलूप बदलणे किंवा वीज-पाणी तोडणे हा मार्ग नव्हे. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम मागता येते. येथेही नोंदणीकृत करारच उपयोगी पडतो.

सोसायटी, पोलीस आणि कर

- फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतः राहत नसाल, तर सहकारी गृहनिर्माण सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते.
- प्रत्येक भाडेकरूची माहिती पोलिसांकडे वेगळी नोंदवावी. एक गेला आणि दुसरा आला, की नोंदही नव्याने करावी.
- मिळालेले भाडे प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावे लागते. भरलेली मालमत्ता कराची रक्कम वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

खोलीमागे करार, नोंदणी आणि पोलीस नोंद यांचा खर्च आणि वेळ धरूनच भाडे ठरवावे. हा हिशेब मांडल्यावरही खोलीनिहाय भाडे परवडत असेल, तरच हा मार्ग निवडावा.