लघ्वांत्रातील तंत्रिका-अंतःस्रावी अर्बुदे : उपचार व फलानुमान

लहान आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या संप्रेरकस्रावी पेशींपासून उद्भवणारी, बहुधा सावकाश वाढणारी कर्करोगी अर्बुदे. वैद्यकीय व्यवहारात त्यांना ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’, संक्षेपाने ‘नेट’, म्हणतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये त्यांना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिले. ती निरुपद्रवी असतात, हे आपले मत त्यांनी १९२९ मध्ये बदलले. अमेरिकेतील २०१२ च्या नोंदींनुसार त्यांचे वार्षिक प्रमाण लाख लोकसंख्येत सुमारे एक होते.

स्वरूप : ही अर्बुदे बहुतेक वेळा शेषांत्राच्या अखेरच्या भागात आढळतात आणि पुष्कळदा एकाहून अधिक असतात. मूळ गाठ सेंटिमीटरभराची असतानाही रोग लसीका ग्रंथींत व यकृतात पोचलेला असू शकतो. ग्रंथींभोवती तंतुमय ऊतक साठून आतडे आखडते. त्यामुळे जेवणानंतर पोटात कळा येतात, कधी आतड्याला अडथळा होतो. अर्बुदातून सिरोटोनिन स्रवते. यकृत ते निष्प्रभ करीत असल्याने कार्सिनॉइड लक्षणसमूह सहसा यकृतात रोग पसरल्यानंतरच दिसतो : चेहरा एकाएकी लाल होणे, पाण्यासारखे जुलाब, धाप लागणे. दीर्घकाळाने हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊन निकामी होऊ शकतात.

निदान : २४ तासांच्या लघवीत सिरोटोनिनपासून बनणाऱ्या ५-एचआयएए या पदार्थाचे प्रमाण मोजतात. केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो व वांगी यांमुळे ते वाढू शकते. म्हणून चाचणीपूर्वी काही दिवस हे पदार्थ वर्ज्य असतात. रोगाचा विस्तार सीटी आणि गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनवरून कळतो. ऊतक तपासणीतील, विभाजित होणाऱ्या पेशींचे प्रमाण दाखवणाऱ्या केआय-६७ निर्देशांकावरून श्रेणी ठरते : ३ टक्क्यांहून कमी असल्यास पहिली, ३ ते २० टक्के असल्यास दुसरी व त्यापुढे तिसरी.

उपचार : शक्य असेल तेथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. बाधित आतडे आणि त्याच्या लसीका ग्रंथी एकत्र काढतात. स्कॅनवर न दिसलेल्या बारीक गाठी सुटू नयेत म्हणून शल्यविशारद संपूर्ण लहान आतडे बोटांनी चाचपून पाहतो. भूल देताना किंवा गाठ हाताळताना संप्रेरके एकदम रक्तात मिसळून रक्तदाब धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतो. त्यासाठी ऑक्ट्रिओटाइड हे संप्रेरकांचा स्राव रोखणारे औषध हाताशी ठेवतात. यकृतातील गाठी काही रुग्णांत कापून काढता येतात. इतरांत त्यांचा रक्तपुरवठा बंद करतात किंवा उष्णतेने त्या जाळतात.

पसरलेल्या रोगात सोमॅटोस्टॅटिन या स्रावरोधक संप्रेरकासारख्या औषधांनी सुरुवात होते. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे दीर्घप्रभावी इंजेक्शन साधारणतः दर चार आठवड्यांनी कुल्ल्यावर देतात. त्याने जुलाब व लाली आटोक्यात येतात, शिवाय गाठींची वाढही मंदावते. जर्मनीतील ‘प्रोमिड’ चाचणीत (२००९) रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ ६ महिन्यांवरून १४.३ महिन्यांवर गेला. या औषधांनी पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो. जुलाब तरीही न थांबल्यास टेलोट्रिस्टॅट जोडतात.

रोग पुढे सरकल्यास ल्युटेशियम-१७७ डोटाटेट देतात. हे किरणोत्सारी औषध अर्बुदपेशींवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहींना चिकटून आतून मारा करते. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा देतात. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी सोबत अमिनो अम्लांचे सलाइन लावतात. ‘नेटर-१’ चाचणीत (२०१७) २० महिन्यांनंतर या उपचाराच्या गटात ६५.२ टक्के रुग्णांचा रोग वाढलेला नव्हता. वाढीव मात्रेत ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्या गटात हे प्रमाण १०.८ टक्के होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार होतो. ल्युटेशियम-१७७ तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते. एव्हरोलिमस व कॅबोझँटिनिब या गोळ्या त्यानंतरचे पर्याय आहेत. प्रचलित रसायनोपचाराचा पहिल्या दोन श्रेणींत फारसा उपयोग होत नाही.

फलानुमान : ते श्रेणी, विस्तार व हृदयाची स्थिती यांवर अवलंबून असते. रोग आतड्यापुरता किंवा जवळच्या ग्रंथींपर्यंत असल्यास दहापैकी नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षे जगतात. दूरवर पसरल्यास सुमारे दोन-तृतीयांश. अमेरिकेतील २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन श्रेणींच्या, दूरवर पसरलेल्या रोगातही मध्यक आयुर्मान १०३ महिने आढळले. तिसरी श्रेणी विरळ असून तीत फलानुमान प्रतिकूल असते. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही रोग अनेक वर्षांनी उलटू शकतो. त्यामुळे पाच वर्षे निर्धोक गेली तरी तपासण्या थांबवू नयेत, त्या किमान दहा वर्षे चालू ठेवाव्यात.