पऱ्हाटीचा हिशेब

इंदूरला १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, पैशाचा मोठा भार इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने उचलला आणि संचालक म्हणून आले अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी त्यांची जवळपास दोन दशकं बिहारमधल्या पुशाच्या सरकारी संशोधन केंद्रात गेली होती. संस्था कापसाची होती, पण जगभर तिचं नाव झालं ते कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्यांमुळे.

पऱ्हाटीला जनावर तोंड लावत नाही. ती चुलीत जाते. माळव्यात त्या काळी बरंचसं शेणही गोवऱ्या होऊन चुलीतच जात होतं, म्हणजे जमिनीकडे परत फारसं काही येत नव्हतं. पऱ्हाटी तशीच मातीत गाडावी, तर ती लवकर कुजत नाही आणि वर पेरलेलं पीक पिवळं पडतं.

याचं कारण कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पोटात आहे. त्यांच्या शरीरात एका भाग नत्राला साधारण आठ-दहा भाग कर्ब असतो. खाल्लेल्या कर्बापैकी बराचसा ते श्वासावाटे हवेत सोडतात, त्यामुळे त्यांना मानवणाऱ्या खाद्यात एकाला पंचवीस-तीस हे प्रमाण लागतं. वाळलेल्या काडात कर्ब याच्या कितीतरी पट असतो. कर्ब उदंड आणि नत्राची चणचण, अशी अवस्था झाली की जिवाणू नत्र मातीतून ओढतात आणि पीक उपाशी राहतं. जुन्या ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात, साठलेलं नत्रही ते उकरून काढतात, आणि त्या खटाटोपात जमिनीतला मुरलेला कर्ब खर्ची पडतो.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातल्या हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ साली हे गणित आकड्यांत मांडलं होतं. शंभर भाग कोरडं काड नीट कुजायला सुमारे पाऊण भाग नत्र लागतं. त्यांनी ते अमोनियम सल्फेटसारख्या क्षारातून दिलं आणि गाय-बैल नसताना शेणखत तयार केलं.

माळव्याच्या शेतकऱ्याला ते क्षार परवडणारे नव्हते. हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातले प्रमुख साहाय्यक यशवंत वाड यांनी नत्र शोधलं ते गोठ्याच्या जमिनीत. गोमूत्र मुरलेली माती खणून काढायची. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, मग जनावरांखाली अंथरायच्या. त्यात तुराट्या, तण, पालापाचोळा मिसळायचा. आंबटपणा मारायला चुलीतली राख, जिवाणूंचं विरजण म्हणून शेणकाला. हे सगळं उथळ खड्ड्यात थराथराने भरायचं, ओल राखायची आणि तीन वेळा वरखाली करायचं. सुरुवातीला कर्ब-नत्राचं प्रमाण तेहेतिसास एकच्या आसपास असे, ते उतरत दहास एकवर येई. तीन महिन्यांत खत तयार! पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचायचं, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवरच रचत.

चिनी शेतकरी केरकचऱ्याचं सोनं कसं करतात, हे एफ. एच. किंग यांच्या १९११ सालच्या पुस्तकामुळे हॉवर्डना माहीत होतं. अनुभव पूर्वेचा आणि प्रमाण प्रयोगशाळेचं, अशी ही इंदूर पद्धत १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने ऑक्सफर्डने छापली. पुढे ‘सर’ झालेल्या हॉवर्डना सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून ओळखतात. वाडांचं नाव मात्र अभ्यासकांपलीकडे क्वचितच कुणी घेतं. हे अन्यायाचं तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारंही आहे. हॉवर्ड पुढे रासायनिक खतांवर तुटून पडले आणि नत्र-स्फुरद-पालाशापलीकडे न पाहणाऱ्या वृत्तीची त्यांनी खिल्ली उडवली. पण इंदूरचा खड्डा यशस्वी झाला होता तो नत्राचा हिशेब चोख ठेवल्यामुळेच, आणि त्या पद्धतीच्या पायाशी वाडांचं रसायनशास्त्र होतं.

ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह कर्कबी आणि सहकाऱ्यांनी गेल्या दशकात हाच हिशेब पुढे नेला. मुरलेल्या ह्यूमसमध्ये फक्त नत्रच नव्हे, तर स्फुरद आणि गंधकही कर्बाशी जवळपास ठरलेल्या प्रमाणात असतात, असं त्यांना आढळलं. १,००० किलो कर्ब जमिनीत ह्यूमस होऊन टिकायचा, तर त्यासोबत सुमारे ८० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि १४ किलो गंधक अडकून पडतात. ही भरपाई केली तर गव्हाच्या काडातून जास्त ह्यूमस तयार होतो, नाहीतर बराचसा कर्ब हवेत उडून जातो.

महाराष्ट्रात उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवायला सांगतात, तेव्हा टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकण्याची शिफारस असते. पाचटात स्वतःचं नत्र अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. युरियातून आणखी पावणेचार किलोच्या आसपास येतं. म्हणजे इथेही नत्राचा तोच हिशेब. आणि सुपर फॉस्फेटच्या त्या १० किलोंत स्फुरदाबरोबर किलोभर गंधकही असतो.