पार्ट नसलेला देश

ऑफिसात सर्व्हर बसला की आमचा पहिला प्रश्न: नवा कधी येतोय? क्यूबातल्या मेकॅनिकला ही सोय नव्हती. १९६० साली अमेरिकेने तिथली निर्यात अन्न-औषधं सोडून बंद केली, १९६२ साली तर व्यापारच बंद. फोर्ड, शेवरलेच्या जुन्या गाड्या आणि ट्रक तिथेच राहिले, सुटे भाग येईनात. पठ्ठ्यांनी त्यांत सोव्हिएत इंजिनं बसवली, मिळेना तो पार्ट स्वतः घडवला. १९९१ साली सोव्हिएत संघच कोसळला, तोही आधार गेला. १९९२ साली लष्कराच्या प्रकाशनाने लोकांच्या अशा क्लृप्त्यांचं पुस्तकच काढलं!

आपण 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवतो. पण ट्रक बंद म्हणजे घरची चूल बंद. डोकं भारीच, पण त्या माणसाला हवा होता तो साधा पार्ट. असो.