टपाला धरायचं कुठे?

मोटारीच्या टपावर सायकल नेणाऱ्या रॅकची वंशावळ खणत गेलं, की तळाशी सापडते पावसाच्या पाण्याची पन्हळ. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांसाठी 'टरेट टॉप' हे अखंड पोलादी छप्पर आणलं. तोवर बहुतेक बंद मोटारींच्या टपाचा मधला भाग कापडी असे. पोलादी टपाचा पत्रा बाजूच्या पत्र्याला जोडायचा, तर दोघांच्या कडा एकमेकींवर दाबून वेल्डिंग करावं लागे. उरलेली कड जरा वर वळवली की तिचीच पन्हळ होई आणि दार उघडताना डोक्यावर पाण्याची धार येत नसे. ही पन्हळ दर पावसाळ्यात गंजायची, हा भाग वेगळा.

पन्हळीचा दुसरा उपयोग लोकांनीच शोधला. तिच्यात पाय रोवायचा, खालून आकडा घालायचा आणि बोल्ट आवळायचा. जवळपास कुठल्याही गाडीला तोच रॅक बसे. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीवर ट्रंका आणि वळकट्या वाहणारं कॅरिअर असंच पन्हळीच्या आधाराने उभं असे. तिकडे स्वीडनमधल्या हिलर्स्टॉर्पला एरिक थुलिन यांनी १९४२ साली पाइक माशाचे सापळे विकायला सुरुवात केली होती. त्यांची थूली कंपनी १९६० च्या दशकात मोटारीच्या टपाकडे वळली. माशाला जबड्यात धरणारे लोक पुढे टपालाही तसंच धरू लागले, असं म्हणायचा मोह होतो.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. पेट्रोल वाचवायचं तर हवेचा अडथळा कमी करायला हवा, म्हणून मोटारींचे नमुने वाऱ्याच्या बोगद्यात जाऊ लागले. १९८२ च्या ऑडी १०० ने काचा पत्र्याच्या सपाटीला आणून अडथळ्याचा गुणांक ०.३० वर नेला. १९८३ मध्ये जॉर्जेटो जुजारो यांनी रेखाटलेली फियाट उनो आली. तिच्या दारांची वरची कड थेट टपावर चढत होती आणि बाहेरची पन्हळ दिसेनाशी झाली होती. हीच उनो पुढे कुर्ल्यातही बनली. टप गुळगुळीत झाला, आणि रॅकवाल्यांची पंचाईत झाली.

तोडगा दाराच्या फटीत निघाला. दार उघडलं की चौकटीच्या वरच्या बाजूला पत्र्याची मजबूत कड दिसते. रॅकचा पाय रबरी गादीवर टपाच्या काठाशी ठेवायचा, पोलादी आकडा त्या कडेखाली अडकवायचा आणि दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत जायचं. आकडा आत खेचतो, गादी खाली दाबते. दोघांच्या ताणात टप पकडला जातो. दार नेहमीसारखं लागतं.

पण जुनी मोकळीक गेली. प्रत्येक मॉडेलच्या टपाचा बाक निराळा, म्हणून गादी आणि आकडाही निराळा. थूलीने त्यांना किट क्रमांक दिले, अमेरिकेतल्या याकिमा कंपनीने अक्षरा-आकड्यांच्या क्यू क्लिप काढल्या. गाडी विकली की दांड्या आणि पाय नव्या गाडीला चालतात, किट मात्र नवं घ्यावं लागतं. दांड्या काचेपासून किती अंतरावर बसवायच्या, हेही किटच्या कागदावर छापलेलं असतं आणि ते अंदाजाने ठरवण्यात शहाणपणा नाही. गादीखाली धूळ राहिली तर रंगावर ओरखडे उठतात. पहिल्या काही किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. पुष्कळ गाड्यांच्या टपाची मर्यादा ७५ किलो असते, काहींची ५०. त्यात रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं, हे हमखास विसरलं जातं.

दांड्यांवर सायकल कशी उभी करायची, याचं एक उत्तर शर्यतींतून आलं. टुलिओ काम्पान्योलो यांनी शोधलेल्या खटक्याच्या आसामुळे चाक क्षणात निघू लागलं. तेव्हा पुढचं चाक काढून फोर्कच रॅकला जखडला की सायकल खिळल्यासारखी उभी. नव्या सायकलींचा आस फोर्कमधून आरपार जातो, त्यामुळे तिथेही आता वेगळा जोड लागतो. चाक न काढता धरणारे रॅकही आहेत. ते उंच होतात, वारा जास्त खातात. ज्या अडथळ्यापायी पन्हळ घालवली, तो सायकलीसकट पुन्हा टपावर चढतो.

काही कारखाने आता टपावरच्या छोट्या झाकणाखाली आट्यांची भोकं ठेवतात. आकड्याऐवजी तिथे सरळ बोल्ट बसतो. दुसरी वाट निर्वाताच्या रबरी वाट्यांची: हवा उपसून त्या टपाला चिकटवायच्या आणि पंपाच्या दांड्यावरची खुणेची रेघ दिसतेय का, ते अधूनमधून बघायचं. मोठ्या काचेच्या टपावर मात्र काहीच लादू नका, असं कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तिथे सायकल मागच्या बाजूला टांगावी लागते.