इंग्रजी साहित्याचा पेपर

भोर आणि वेल्हे या डोंगरी मुलखात पावसाळ्याचे चार महिने सारे व्यवहार पावसाच्याच तंत्राने चालतात. नीरा, गुंजवणी, कानंदी यांची खोरी धुक्यात बुडतात, ओढे वाट अडवतात, आणि भाताची खाचरे भरेपर्यंत पहिल्या सत्राची परीक्षा दाराशी येऊन ठेपते. येथील जी मुलेमुली पदवीसाठी इंग्रजी साहित्य घेतात, त्यांच्या पिशवीत आम्हांस बहुधा दोनच वस्तू आढळतात : एक गाइड आणि एक अपेक्षित प्रश्नसंच. मूळ पुस्तक क्वचितच. वडीलधारी मंडळी यावरून त्यांना बोल लावतात. परंतु ही घोकंपट्टी या मुलांनी सुरू केलेली नाही. तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीस १३२ विद्यार्थी बसले आणि अवघे २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या पहिल्या पिढीपासूनच इंग्रजी ग्रंथांचा अभ्यास पदवीच्या परीक्षेचा कणा होता. गंमत अशी की, ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला. म्हणजे आमच्याकडची मुले मिल्टन आणि शेक्सपियर यांवरील प्रश्नांची उत्तरे लिहू लागली, तेव्हा खुद्द ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला तशी पदवी उपलब्ध नव्हती!

यामागचे कारण साहित्यप्रेम नव्हते. सनदी सेवेच्या स्पर्धापरीक्षेची जी योजना १८५५ मध्ये आखली गेली, तीत एकूण ६,८७५ गुणांपैकी १,५०० गुण इंग्रजी भाषा, साहित्य व इतिहास यांना होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. सरकारी नोकरीच्या दारावरची चाळणी म्हणून साहित्य योजले गेले, आणि चाळणीतून पार होण्याची युक्ती शोधणे हे ओघानेच आले. पुढे मॅकमिलन कंपनीने हिंदी विद्यार्थ्यांसाठी टीपांसह शेक्सपियरची नाटके काढली. के. डायटन यांच्या टीपांवर पिढ्यान् पिढ्या पास झाल्या. आजचे गाइड हे त्याच घराण्यातले, फक्त अधिक दरिद्री. डायटनमध्ये निदान नाटक तरी संपूर्ण छापलेले असे.

भोर त्या काळी पंतसचिवांचे संस्थान होते. तेथील राजा रघुनाथराव विद्यालयाचे नाव त्या काळाची आठवण देते. मात्र कॉलेज म्हटले की पुण्याची वाट धरावी लागे : डेक्कन, १८८५ पासून फर्ग्युसन. डेक्कनमध्ये कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ प्राचार्य होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. परीक्षा घेणारे विद्यापीठ बदलले. परीक्षेची तऱ्हा तीच राहिली.

तरीही या पेपराचा मराठीला लाभ झाला, हे आम्ही आग्रहाने सांगतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरूनच ‘झुंजारराव’ रचले. केशवसुत १८८९ साली मॅट्रिक झाले, ते काही पहिल्या झटक्यात नव्हे. आणि कॉलेजची पायरी न चढलेल्या या शिक्षकाने १८९२ मध्ये इंग्रजी सुनीताचा साचा मराठीत आणला. ही मंडळी परीक्षेपुरती वाचून थांबली असती, तर मराठी कवितेचे पान वेगळेच दिसले असते. रानड्यांनाही हे उमगले होते. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून १८६० च्या दशकात बाहेर पडलेल्या देशी भाषांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून ते अखेरपर्यंत झटले.

आता नवे शब्द आले आहेत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला आणि ‘श्रेयांक’ हा शब्द तोरण्याच्या पायथ्यालाही पोहोचला. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. दोन श्रेयांकांच्या पेपराला ३० तास मिळतात. ‘मॅकबेथ’ ही शेक्सपियरची सर्वांत आखूड शोकांतिका. ती मोठ्याने वाचून काढण्यास तीन तास पुरेत. वर्गातील पहिले तीन तास त्यासाठी का राखू नयेत? टीपा त्यानंतर. उत्तराचा कच्चा आराखडा प्रथम मराठीत मांडावा, मग इंग्रजीत लिहावा. असे उत्तर खडबडीत होईल, पण ते त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल, आणि पाठ केलेल्या शंभर सारख्या उत्तरांत परीक्षकाच्या नजरेत भरेल.

या मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. शेक्सपियर वारला ते साल १६१६. त्याच वर्षी, गोव्यातील राशोल येथे, त्याचा समकालीन आणि देशबंधू असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. त्या इंग्रजाने मराठी कोणत्याही परीक्षेसाठी शिकून घेतली नव्हती.