एकच पत्ता, दोन घरं

आमच्या घरी दोन संगणक आहेत. एकावरची फाईल दुसऱ्यावरून उघडायची, ही रोजची सवय. एकदा पहिल्या संगणकावर कामासाठी व्हीपीएन सुरू केलं आणि दुसरा दिसेनासा झाला. व्हीपीएन बंद केलं की दिसतो, सुरू केलं की गायब! काहीच तुटलेलं नव्हतं. मग बिघडलं काय? उत्तर शोधताना आम्ही १९९४ सालापर्यंत मागे गेलो.

इंटरनेटवरच्या पत्त्याची रचना १९८१ साली ठरली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा हे अफाट वाटलं. पण पुढच्या दहा वर्षांतच पत्ते संपणार, अशी चिंता सुरू झाली.

मार्च १९९४ मध्ये एक तोडगा पुढे आला. काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवायचे. उदाहरणार्थ, १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे. ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, बाहेर मात्र ते चालणार नाहीत. प्रत्येक इमारतीच्या इंटरकॉमवर १०१ नंबर असतो, तसंच हे. त्याच वर्षी मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी आतले पत्ते दारावरच बदलून बाहेर पाठवण्याची रीत मांडली. आज घरोघरचा राउटर हेच करतो.

पण जुलै १९९४ मध्ये एलियट लीअर आणि तिघा सहकाऱ्यांनी या तोडग्याला जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता : आज वेगळी असलेली दोन आवारं उद्या जोडावी लागली तर? दोन्हीकडे तोच नंबर निघाला, तर निरोप कोणाला द्यायचा? वाद झाला, मसुदा सुधारला गेला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये नवा दस्तऐवज निघाला. त्याच्या लेखकांत खुद्द लीअरही होते! विज्ञानात मतभेद असे कामी येतात.

व्हीपीएन म्हणजे दूरची आवारं जोडणारा बोगदाच. आमच्या घरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, आणि बोगद्यापलीकडचेही! त्यामुळे शेजारच्या संगणकासाठीचा निरोप बोगद्यातून पलीकडे जात होता. लीअर यांची शंका आमच्या टेबलावर खरी ठरली होती.

उपाय सोपा निघाला. राउटरमध्ये जाऊन घरचे पत्ते १९२.१६८.७३ ने सुरू होतील असे केले, दोन्ही संगणक पुन्हा जोडले आणि फाईल उघडली. मात्र दरवेळी कारण हेच असेल असं नाही. काही व्हीपीएन सुरक्षिततेसाठी घरातली वाहतूक मुद्दामच बंद करतात. तिथे व्हीपीएन चालवणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. १२८ बिटांचे पत्ते डिसेंबर १९९५ मध्येच मांडले गेले होते, पण जुने पत्ते अजूनही वापरात आहेत.

वर्गात हे करून पाहा. मुलांचे दोन गट करा, प्रत्येक गटात १ ते १० नंबर द्या. फक्त नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या आपापल्या गटात वाटायला सांगा. मग गट एकत्र करा आणि '४' लिहिलेली चिठ्ठी द्या. दोन हात पुढे येतील. तिथून चर्चा सुरू करता येईल.