मापे, स्वयंपाकातील : वजन व आकारमान

धान्य, पीठ, साखर, तेल, तूप इ. जिन्नस पाकक्रियेसाठी तोलून किंवा मापात भरून घेतात. मापाचे वजन काढण्यासाठी जिन्नसाची घनता ठाऊक असावी लागते : मिलिलिटरांना घनतेने गुणले की ग्रॅम मिळतात. पाण्याची घनता सुमारे १ असल्याने त्याचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात.

जुनी मापे : महाराष्ट्रात धान्य मापून देण्याघेण्याचा प्रघात मोठा होता. २ निळवी = १ कोळवे, २ कोळवी = १ चिपटे, २ चिपटी = १ मापटे, २ मापटी = १ शेर व ४ शेर = १ पायली; अर्ध्या पायलीस अधोली म्हणत. मणाच्या पायल्या कोष्टकांत कुठे १२, तर कुठे १६ दिसतात. माप शीग लावून भरायचे की काठाशी सपाट करायचे, यानेही धान्य कमीजास्त होई. शेर हे वजनही होते आणि तेही एक नव्हते. मुंबईचा मण २८ पौंडांचा व त्याचे शेर ४०, म्हणजे शेर सुमारे ३१८ ग्रॅ.; ८० तोळ्यांचा बंगाली शेर मात्र सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणून जुन्या पाककृतीतील शेर मापी की वजनी आणि कोणत्या भागातला, हे ठरवल्याशिवाय त्याचे ग्रॅम करू नयेत. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला.

वाटी : कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले. वाटीचे आकारमान ठरलेले नाही. पण सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले की गुणोत्तर टिकते आणि शिरा साधतो. अंडी किंवा पाकिटातले दूध असे वाटीबाहेरचे परिमाण आले, की हा आधार सुटतो.

कप : बहुधा २४० मिलि. त्यात साखर सुमारे २०० ग्रॅ., मध सुमारे ३४० ग्रॅ. बसतो. मैद्याचा भरवसा नाही : चाळून अलगद भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास, डब्यात कप खुपसून घेतला तर १४० किंवा अधिकही. केक घट्ट होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

चमचे : चहाचा ५ मिलि., मोठा १५ मिलि.; ऑस्ट्रेलियात मोठा २० मिलि.

तेल व तूप : खाद्यतेलाची घनता सुमारे ०·९१ असल्याने १ लि. तेल साधारण ९१० ग्रॅ. भरते. तापमान वाढले की तेल प्रसरण पावते व तेवढ्याच आकारमानात कमी तेल मावते : १ लि. सोयाबीन तेल २१° से. ला सुमारे ९१९ ग्रॅ., तर ६०° से. ला सुमारे ८९२ ग्रॅ. तापमान चढे धरून आकारमान छापले, तर पाकिटात वजनाने कमी तेल जाते. म्हणून केंद्र शासनाने २०२२ मध्ये उत्पादकांना आकारमान तापमानाचा उल्लेख न करता छापावे व त्यासोबत वजनही द्यावे, असे सांगितले. ग्राहकाने वजनाचाच आकडा पाहावा. तूप थिजलेले असताना मापात पोकळ्या राहतात. ते पातळ करून मापावे किंवा सरळ तोलावे.

पिठे, रवा, किसलेले खोबरे, चिरलेला गूळ यांच्यासाठी तराजू वापरावा. पाणी व दूध मापले तरी चालते.